पोपचं परिपत्रक, युरोपचा करार आणि आपली समाविष्ट गावं

नगररोडवाला
(धागालेखक)

शेजारच्या हद्दवाढीच्या धाग्यावर एकाने लिहिलं की गावं पुणे पालिकेत आली म्हणजे विकास आणि विरोध करणारे सगळे गुंठामंत्री. त्याला उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं वाढलं की तिथे टाकलं असतं तर धाग्याचा बाजार उठला असता. म्हणून हा वेगळा धागा. रस्ता आडवळणाचा आहे, रोमवरून जातो, पण पुण्याशेजारच्या फुरसुंगीला पोचतो. धीर धरा.

मी मराठी कॅथलिक, वडगावशेरीचा. आमच्याकडे ‘सामाजिक शिकवण’ नावाचा एक ऐवज आहे, जो खुद्द कॅथलिकांच्याच फारसा वाचनात नसतो. रविवारच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) शुभवर्तमान ऐकायला मिळतं, संतांच्या गोष्टी येतात. पण मजुरी, संप, मालमत्ता, सरकार यांबद्दल पोपनी काय लिहून ठेवलंय ते प्रवचनात क्वचितच. याची सुरुवात १८९१ची. तेरावे लिओ यांनी कारखान्यातल्या कामगारांवर ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक काढलं. कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे, घर चालेल एवढी मजुरी हा उपकार नाही तर न्याय आहे, आणि खासगी मालमत्ता मोडीत काढणं हा त्यावरचा इलाज नाही. गिरणीमालक आणि समाजवादी एकाच दिवशी नाराज करण्याची ही हातोटी. मे २०२५मध्ये निवडून आलेल्या पोपनी चौदावे लिओ हे नाव घेतलं ते मुख्यतः याच लिओंमुळे, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे.

चाळीस वर्षांनी, १९३१मध्ये, अकराव्या पायस यांचं ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ आलं. काळ बघा. इटलीत मुसोलिनी, रशियात स्टालिन, जगभर मंदी. एका बाजूला एकटा माणूस आणि दुसऱ्या बाजूला अवाढव्य सरकार, मधलं सगळं (गिल्ड, पंचायती, मंडळं, संघ) झिजून गेलेलं. मसुद्याचं बरंचसं काम नेल-ब्रॉइनिंग नावाच्या जर्मन जेज्विट फादरांचं. त्यात जे तत्त्व मांडलं त्याला सबसिडिअ‍ॅरिटी म्हणतात. जे काम लहान गटाला स्वतःच्या बळावर जमतं ते वरच्याने काढून घेणं हा अन्याय आहे. घरचं गावाने, गावचं जिल्ह्याने, जिल्ह्याचं राज्याने बळकावू नये. हा झाला अर्धा भाग. उरलेला अर्धा असा, की खालच्याला जमत नसेल तर वरच्याने हात द्यायलाच हवा. तिथे ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणणं हाही अन्यायच.

आता युरोप. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी प्रस्ताव ठेवला की फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा नि पोलाद एकाच वरच्या यंत्रणेखाली आणू. कारण साधं होतं. तोफा त्यातूनच बनतात. पुढच्या वर्षी सहा देशांचा करार झाला. शुमान, जर्मनीचे आडेनाउअर आणि इटलीचे दे गास्पेरी हे तिघेही नियमित मिस्साला जाणारे कॅथलिक, आणि तिघेही सरहद्दीच्या नाहीतर काठावरच्या मुलखातले. शुमान लॉरेनचे, जो प्रांत त्यांच्या हयातीत जर्मनीचा होता, फ्रान्सचा झाला, परत जर्मनांनी घेतला आणि परत फ्रान्सचा झाला. दे गास्पेरी ट्रेंटोकडचे, तरुणपणी चक्क व्हिएन्नाच्या संसदेत बसलेले. तिघं भेटले की जर्मनमध्ये बोलत. बेळगाव-निपाणीकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

पुढे ७ फेब्रुवारी १९९२ला युरोपीय युनियन उभी करणारा मास्त्रिख्तचा करार झाला आणि पोपच्या परिपत्रकातलं तत्त्व सरळ कायद्यात आलं: जे सदस्य देशांना पुरेसं जमत नाही आणि वरच्या पातळीवर जास्त चांगलं होईल, तेवढ्यातच युनियनने हात घालावा. गंमत म्हणजे या कलमासाठी सगळ्यात जास्त रेटा लावणाऱ्यांत ब्रिटनचं हुजूरपक्षीय सरकार होतं, ज्यांचा पोपशी संबंध आठव्या हेन्रीने तोडलेला. त्यांना परिपत्रकाशी काय देणंघेणं? ब्रसेल्सला, म्हणजे युनियनच्या कारभाराला, वेसण हवी होती, ती मिळाली.

आणि त्याच वर्षी, डिसेंबर १९९२मध्ये, आपल्या संसदेने ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती मंजूर केली. पंचायती आणि पालिकांना घटनेत जागा. कागदावर दोन्हीकडे एकच गोष्ट: निर्णय माणसाच्या जितका जवळ तितका बरा. आता २०१७ला ११ गावं पुणे महापालिकेत आली, जून २०२१ला आणखी २३. तेव्हा क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेलं, राज्यातली सगळ्यात मोठी पालिका. मार्च २०२२ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक. म्हणजे २०२१ला आलेल्या गावांची ग्रामपंचायत गेली, सरपंच गेला, आणि त्याच्या जागी इतकी वर्षं निवडून दिलेलं कोणीच नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच: या तत्त्वाचा अर्धाच भाग प्रत्येक जण घेतो. वरच्याला ‘हात द्या’ आठवतं, खालच्याला ‘हात लावू नका’. आणि ‘जमतं की नाही’ हे कोण ठरवणार, या प्रश्नाशी ब्रसेल्सही अडतं आणि मंत्रालयही. दोन्हीकडे न्यायाधीश वरचाच. यावर मतं हवी आहेत.

---

पासोड्या

पूर्ण वाचलं. पोप ते पीएमसी असा थेट मार्ग काढणारा पहिला माणूस म्हणून आपला पेठेतर्फे सत्कार व्हायला हवा. शाल मिळेल, श्रीफळ स्वतः आणावे.

गंभीरपणे: वाचतोय.

---

सासवडरोड

धागालेखक, फुरसुंगीचं नाव घेतलंत म्हणून लिहितो. तुमच्या त्या दोन अर्ध्यांत आमच्याकडचा क्रम बसत नाही.

उरुळी देवाची नि फुरसुंगी २०१७ला पालिकेत आली. पण शहराचा कचरा उरुळीच्या डेपोवर कितीतरी वर्षं आधीपासून येत होता. तेव्हा ही गावं पालिकेत नव्हती. म्हणजे कचरा आमच्याकडे आणि त्याबद्दल बोलायचं सभागृह तिकडे, जिथे आमचा एकही मतदार नाही. विहिरींचं पाणी वापरायच्या लायकीचं राहिलं नाही. दारोदार निळे ड्रम, टँकर आला की पाइप कुणाच्या ड्रममध्ये आधी यावरून भांडणं, आणि पावसाळ्यात वारा फिरला की जेवताना खिडक्या बंद. आंदोलनं झाली, गाड्या अडवल्या, पेपरात ‘पुण्याची कचराकोंडी’ असे मथळे. मथळ्यात कोंडी पुण्याची!

मग गावं आत घेतली. आता मत मिळणार म्हणून काही जण खूशही होते. आला मिळकतकर. त्यावरून परत आरडाओरडा, डिसेंबर २०२२ला दोन्ही गावं बाहेर काढायची घोषणा, २०२४ला स्वतंत्र नगरपरिषदेची अधिसूचना. आधी कचरा, मग मत, मग कर, मग बाहेर. यात आम्हाला जमतं की नाही हे कुणी कधी विचारलं?

---

श्टुटगार्टकर

चांगला धागा. पंधरा वर्षं इकडे आहे, माहितीत थोडी भर.

न्यायाधीश वरचाच, हे बऱ्याच अंशी खरं, पण लिस्बन करारानंतर (डिसेंबर २००९पासून लागू) एक दांडा आलाय. ब्रसेल्सने कायद्याचा मसुदा काढला की प्रत्येक देशाच्या संसदेला आठ आठवडे मिळतात. ‘हे आमचं आम्हाला जमतं’ असं एक तृतीयांश मतांनी म्हटलं तर पिवळं कार्ड दाखवतात आणि युरोपीय आयोगाला (कायद्यांचे मसुदे काढणाऱ्या यंत्रणेला) मसुदा पुन्हा तपासावा लागतो. आजवर तीनदाच दाखवलं गेलंय. २०१२ला संपाच्या हक्काबद्दल, तो मसुदा मागे घेतला. २०१३ला युरोपीय सरकारी वकिलाच्या कार्यालयाबद्दल आणि २०१६ला एका देशातून दुसऱ्या देशात कामाला पाठवलेल्या मजुरांच्या पगाराबद्दल. या दोन्ही वेळी आयोगाने ‘तपासलं, आमचंच बरोबर’ असं उत्तर दिलं.

तिसऱ्या कार्डाची मौज बघा. पूर्वेकडचे देश म्हणत होते, आमचा मजूर फ्रान्समध्ये कमी पगारावर जातो, तर जाऊ द्या, आमचा प्रश्न आहे. त्यांचा मुद्दा सबसिडिअ‍ॅरिटीचा. पण १८९१चं परिपत्रक काढून वाचलं तर पोप पगाराच्या बाजूने उभे राहतील. एकाच शिकवणीतली दोन तत्त्वं समोरासमोर.

---

कडवट_काढा

धागालेखकाने गोड बाजू छान सजवली आहे. थोडा काढा घ्या.

१९३१च्या याच परिपत्रकाचा झेंडा घेऊन ऑस्ट्रियात तिथला चॅन्सलर डॉलफुस याने १९३३ला संसद बंद पाडली आणि १९३४ला ‘ख्रिस्ती’ संविधान आणलं. पक्ष बंद, निवडणुका बंद, वर धंद्याधंद्यांचे संघ. पोर्तुगालमध्ये हुकूमशहा सालाझारनेही यातूनच उचललं. ‘मधल्या संस्था’ हा शब्द ऐकायला गोड लागतो, पण त्यांत कोण बसणार हे वरूनच ठरवलं की झाली हुकूमशाही.

दुसरं. ज्या संस्थेने जगाला सांगितलं की खालच्याचं काम वरच्याने घेऊ नये, त्या संस्थेत पुण्याचा बिशप कोण हे पुण्याचे कॅथलिक ठरवतात का? रोम ठरवतं. मग लोकांना शिकवण कशाला?

---

नगररोडवाला

@सासवडरोड, तुमचा क्रम माझ्या मूळ लेखात यायला हवा होता इतका तो नेमका आहे. यावर खाली लिहितो.

@कडवट_काढा, डॉलफुसचा मुद्दा खरा आहे, झाकायचं कारण नाही. परिपत्रकात मालक-कामगारांच्या एकत्र संघांचं जे चित्र आहे ते हुकूमशहांना सोयीचं पडलं. त्याच १९३१मध्ये, महिन्या-दीड महिन्यातच, त्याच पोपना मुसोलिनीविरुद्ध दुसरं परिपत्रक काढावं लागलं, कारण त्याने कॅथलिक युवकांच्या संघटनांवर घाला घातला होता. पण लोकशाहीबद्दल रोम मोकळेपणाने बोललं ते थेट १९४४च्या नाताळच्या संदेशात, बाराव्या पायसच्या तोंडून. उशीरच तो. शुमान-आडेनाउअरच्या पिढीने ती शिकवण उचलली तेव्हा त्यातला संघांचा भाग सोडला आणि मतपेटी घेतली, हे त्यांचं श्रेय, परिपत्रकाचं नाही.

बिशपांबद्दल: बारावे पायस १९४६ला म्हणाले होते की हे तत्त्व चर्चलाही लागू आहे, मात्र अधिकाराच्या उतरंडीला धक्का न लावता. त्या ‘मात्र’मध्ये सगळं आलं. फ्रान्सिस पोपनी २०२१ ते २०२४ जी सिनडची (चर्चच्या सल्लामसलतीच्या सभेची) प्रक्रिया चालवली तिची सुरुवात धर्मग्रामांतल्या, म्हणजे एकेका चर्चच्या पातळीवरच्या, बैठकांपासून होती. आमच्याकडेही झाल्या. बायका बोलल्या, जे एरवी होत नाही. निर्णय कुठे झाला ते तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा काढा घेतला, कडू लागला, पण उतरला.

---

पासोड्या

हा धागालेखक भांडत का नाही? असं चालणार असेल तर मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत जातो.

---

राहुरीची_लेक

मी भांडते.

माझे आईवडील राहुरीकडचे, धर्मांतरित दलित कॅथलिक घर. मतमाउलीच्या यात्रेला दर सप्टेंबरात हरेगावला जाणारे. येरवड्यात वाढले. मला हा ‘खालच्या पातळीवर विश्वास ठेवा’ प्रकार ऐकला की कान टवकारतात. ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याला स्थानिक संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञान, कोतेपणा नि जातीयतेची गुहा म्हटलं, आणि घटनेचा घटक गाव नाही तर व्यक्ती आहे याचा आनंद व्यक्त केला. पोप आणि बाबासाहेब दोघांनाही एकटा पडलेला माणूस दिसत होता. पोप म्हणाले त्याला गटाचा आधार द्या. बाबासाहेब म्हणाले त्या गटापासूनच त्याला वाचवा. नगर जिल्ह्यातल्या माझ्या आजीला विचारलं असतं तर ती कुणाच्या बाजूने बोलली असती, हे सांगायला नको.

आणि चर्चही काही वेगळं नाही. तामिळनाडूत त्रिचीच्या दफनभूमीत जातीची भिंत आहे. मेल्यावरही वाटणी. आमच्याकडे भिंत नाही, पण लग्न जुळवताना ‘मूळ कुठले?’ हा प्रश्न मिस्साच्या कपड्यांतच विचारतात.

राजकीय सामीलकी म्हणाल तर १९५०चा राष्ट्रपतींचा आदेश बघा. अनुसूचित जात म्हणजे फक्त हिंदू. १९५६ला शीख, १९९०ला बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेर. आमच्या गावात राखीव वॉर्ड असेल तर चुलत्याच्या शेजारचा बौद्ध माणूस उभा राहू शकतो, चुलता नाही. दोघांच्या घरांना गावाने वागवलं एकसारखंच. हे ग्रामपंचायतीच्या पातळीवर सुटणार आहे का? ते दिल्लीतच सुटेल. म्हणजे मला वरचा हवा आहे, आणि लवकर हवा आहे.

---

नगररोडवाला

@राहुरीची_लेक, हा आजवर या धाग्यावरचा सगळ्यात वजनदार प्रतिसाद. याला गुळगुळीत उत्तर नाही. शिकवणीत याच्यासाठी दुसरं तत्त्व आहे, एकजुटीचं. १९८७च्या परिपत्रकात दुसरे जॉन पॉल म्हणाले की ही दुरून वाटणारी कणव नाही, सगळ्यांच्या हिताची जबाबदारी सगळ्यांनी घ्यायचा पक्का निर्धार आहे. आणि पहिलं तत्त्व दुसऱ्याशिवाय वापरलं की गावगाडाच उरतो, हे तुमच्या आजीने कोणत्याही परिपत्रकाआधी ओळखलं असणार.

मात्र ‘वरचा हवा’ यात एक अडचण आहे. १९५०चा तो आदेश वरूनच आलाय.

---

राहुरीची_लेक

मान्य. म्हणूनच लढाईही तिथेच. ज्याने कुलूप लावलं, किल्ली त्याच्याकडेच मागणार ना?

---

केळीचं_लोंगर

वसईहून. आता पुण्यात कोथरूडला, पण जीव तिकडेच.

सासवडरोड यांचं वाचून आमचं आठवलं. जुलै २००९ला वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून महापालिका केली. गावांचा विरोध इतका होता की त्याच साली विधानसभेला ‘गावं वगळा’ या एका मुद्द्यावर अपक्ष आमदार निवडून आला. २०११ला २९ गावं वगळायचा शासनाचा निर्णय झाला, पालिका हायकोर्टात गेली आणि तारखांवर तारखा. त्या गावांत कॅथलिक आहेत, आगरी, भंडारी, वाडवळ, कोळी सगळे आहेत. हे ‘चर्चचं आंदोलन’ नव्हतं. पण फादर दिब्रिटोंनी त्याच्या कितीतरी आधी हरित वसईसाठी लोकांना रस्त्यावर आणलं होतं. बागायती, विहिरी, पाण्याचे टँकर, बिल्डर यांवर पाद्र्याने बोलायचं असतं हे आमच्या लोकांनी तिथे पाहिलं. २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा काहींना धक्का बसला. आम्हाला ते मोर्चातले फादर म्हणूनच जास्त माहीत.

राहुरीच्या ताईंना एकच सांगते, वाद नाही. आमच्या गावांचा हट्ट ‘आम्हाला एकटं सोडा’ असा नव्हता. एसटी हवी होती, दवाखाना हवा होता. बागेच्या जमिनीवर आरक्षण कुणी टाकायचं एवढाच मुद्दा होता.

---

मांडवीकाठ

गाव-पालिका ठीक आहे, पण मराठी माणूस आणि कॅथलिक आणि विलीनीकरण हे तीन शब्द एकत्र आले की गोव्याचं नाव कसं नाही? १६ जानेवारी १९६७, जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाला खूण फूल, केंद्रशासितला दोन पानं. पानं जिंकली, ३४,०२१ मतांनी. पाद्र्यांनी कॅथलिकांची मतं एकगठ्ठा फिरवली हे आमच्या आजोबांचं ठाम मत. विलीनीकरण झालं असतं तर मराठीचं भलं झालं असतं.

---

कडवट_काढा

आजोबांना नमस्कार, पण गणित बघा. विलीनीकरणाविरुद्ध साधारण ५४ टक्के मतं पडली. तेव्हा गोव्यात ख्रिस्ती चाळीस टक्क्यांच्या आत. सगळे ख्रिस्ती एका बाजूला गेले असं धरलं तरी बाकीची मतं आकाशातून पडली का? बरेच हिंदू गोवेकर स्वतःचं घर स्वतः चालवायला तयार होते. त्यांनी परिपत्रक वाचलेलं नव्हतं.

पण एक गोष्ट धागालेखकाला सांगतो, आणि यावेळी काढा नाही. त्यांना विचारलं गेलं. स्वतंत्र भारतात विलीनीकरणाच्या प्रश्नावर लोकांना मतपेटीतून असं विचारल्याची उदाहरणं बोटावर मोजण्याइतकी. आणि जे उत्तर आलं ते मुंबईने नि दिल्लीने मानलं. १९८७ला राज्य झालं.

---

मांडवीकाठ

गणित पटलं. आजोबांना सांगत नाही.

---

श्टुटगार्टकर

एक अवघड धागा उरलाय, तोही ओढतो. २०१५ला सीरियातून लोकांचे लोंढे आले. युनियनने ठरवलं, ग्रीस आणि इटलीवरचा भार वाटून घेऊ, १ लाख २० हजार माणसं सगळ्यांत विभागू. हंगेरी आणि स्लोव्हाकिया कोर्टात गेले, सप्टेंबर २०१७ला हरले, तरी हंगेरीने माणसं घेतली नाहीत. सबब काय? ख्रिस्ती संस्कृती टिकवायची आहे. आणि त्याच सप्टेंबर २०१५मध्ये फ्रान्सिस पोप सांगत होते, युरोपातल्या प्रत्येक धर्मग्रामाने एकेक निर्वासित कुटुंब सांभाळावं. वर्षभर आधी युरोपच्या संसदेत त्यांनी भूमध्य समुद्राचं कब्रस्तान होऊ देऊ नका म्हटलं होतं, आणि युरोप थकलेल्या आजीसारखा दिसतो असंही ऐकवलं होतं.

म्हणजे ‘कॅथलिक’ सरकारं पोपविरुद्ध, आणि हातात पोपचंच तत्त्व. शिवाय युरोपच्या संविधानाच्या प्रस्तावनेत ख्रिस्ती वारशाचा उल्लेख हवा म्हणून दुसरे जॉन पॉल किती झगडले. झाला नाही उल्लेख. २००५ला फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या लोकांनी ते संविधानच फेटाळलं. मला कधी कधी वाटतं, प्रस्तावनेत तो शब्द असता तर हंगेरीने तोच कोर्टात दाखवला असता.

---

सासवडरोड

युरोप वाचला, गोवा वाचला. आता माझ्या प्रश्नाचं काय? कुणी विचारतं का?

---

नगररोडवाला

@सासवडरोड, वचन दिलं होतं, लिहितो. महापालिकेची हद्द बदलायचा अधिकार १९४९च्या महापालिका अधिनियमाच्या कलम ३ने राज्य सरकारला आहे. मसुद्याची अधिसूचना निघते, हरकती-सूचना मागवतात, सुनावणी होते, अंतिम अधिसूचना निघते. हरकत लिहायला मुदत मिळते, मत द्यायला मतपेटी नाही. ग्रामसभेने एकमताने ठराव केला तरी तो सरकारवर बंधनकारक नाही. युरोपात देश आत येतो तो करार करून, आणि बाहेर जायचा रस्ता युनियनच्या कराराच्या कलम ५०मध्ये लिहिलेला आहे. ब्रिटनने २०१६ला सार्वमत घेऊन तो वापरला, अगदी ५१.९ टक्क्यांवर. तुमची दोन्ही गावं बाहेर आली ती गावकऱ्यांच्या मतदानाने नाही, वरच्याच्या घोषणेने. आणली वरच्याने, सोडली वरच्याने.

माझं मत स्पष्ट सांगतो. कचरा, नदी, पाणी, पीएमपी ही कामं एकट्या गावाच्या आवाक्यातली नाहीत, ती वरच जायला हवीत. इथे मी हद्दवाढवाल्यांच्या बाजूचा आहे. पण ज्या दिवशी शहराचा कचरा गावात जातो त्याच दिवशी गावाला त्या सभागृहात मत हवं, वर्षानुवर्षांनी नाही. आणि ज्या दिवशी सरपंच जातो त्या दिवशी नगरसेवक आलेला हवा, प्रशासक नाही. या दोन गोष्टी नसतील तर त्याला विलीनीकरण म्हणू नका, ताबा म्हणा. राखीव जागेच्या बाबतीत मात्र राहुरीच्या ताईंचं बरोबर. तिथे गावाची संमती मागत बसलात तर गाव कधीच देणार नाही.

---

राहुरीची_लेक

मग संमती कधी मागायची आणि कधी नाही, हे कोण ठरवणार? परत तुमचा तोच न्यायाधीश.

---

नगररोडवाला

कोर्ट. हंगेरीलाही कोर्टानेच सांगितलं, आणि दलित ख्रिस्तींच्या याचिकाही सुप्रीम कोर्टातच आहेत.

---

केळीचं_लोंगर

कोर्ट म्हणालात? आमच्या २९ गावांना विचारा.